हिरूच्या पिंजऱ्यातलं धुकं

मुलाच्या बाराव्या वाढदिवसाला, ऑक्टोबरात, आमच्या घरी हिरू हा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आला. आम्ही मिनियापोलिसला राहतो. इथे पैदाशीतले शॅमेलिऑन विकत मिळतात आणि पाळताही येतात. भारतात मात्र आपला शॅमेलिऑन वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरी ठेवता येत नाही. पुण्याहून भाच्याने लगेच विचारलं म्हणून हे आधीच सांगून टाकते. हिरू व्हेल्ड (veiled) जातीचा, मूळ येमेन आणि सौदीच्या नैर्ऋत्य डोंगरांतला. डोक्यावर पगडीसारखा उंच तुरा, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे.

दुकानातून पिंजऱ्याबरोबर काट्याचा, गोल तबकडीचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल (ह्युमिडिटी) टक्क्यांत मोजणारा मीटर, मिळाला होता. काटा कायम 55वर. छान म्हणायचं आणि पुढे जायचं, असं महिनाभर चाललं.

नोव्हेंबरात घर गरम करणारी फर्नेस सुरू झाली आणि हिरू बदलला. शॅमेलिऑनची लघवी पांढऱ्या घट्ट गोळीसारखी पडते. ती गर्द नारिंगी झाली. डोळ्यांचे बुरूज आत गेले. कात टाकताना अंगावरची निघाली, पण मागच्या पायाच्या एका बोटावर अंगठीसारखी अडकून बसली. मी घाबरले. दुकानात विचारलं तर म्हणाले, दर दोन तासांनी फवारा मारा आणि फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, लावा. मी तेच केलं. दिवसभर, वरचा उष्णतेचा दिवा चालू असताना, खालून धुकं. आठवड्यात पिंजऱ्याच्या तळाला पाणी साचलं, मनी प्लांटच्या कुंडीत बुरशी आली, आंबूस वास यायला लागला. आणि एका सकाळी हिरू तोंड जरासं उघडं ठेवून, मान वर करून श्वास घेत होता. श्वासाला बारीक टकटक आवाज येत होता. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरबाईंनी श्वसनाचा संसर्ग सांगितला, अँटिबायोटिक सुरू केलं, आणि मग शांतपणे माझी चूक सांगितली. या प्राण्याच्या मुलखात दिवसा कोरडं ऊन असतं. ओल येते ती रात्री, गारव्याबरोबर, धुक्यातून आणि दवातून. गरम आणि ओली हवा एकाच वेळी कोंडून ठेवली की त्याच्या फुप्फुसांत जंतूंना रान मोकळं. मी त्याला पाणी दिलं होतं, पण चुकीच्या वेळी.

घरी येऊन पहिलं काम केलं ते त्या काट्याची परीक्षा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेतलं, ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घातलं, मीठ विरघळू दिलं नाही. झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवले. अशा पिशवीत हवेची ह्युमिडिटी 75 टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी काटा तसाच, 55वर. तो कधी हललाच नव्हता! नवीन डिजिटल मीटर आणला, त्याचीही तीच परीक्षा घेतली, तर 71. म्हणून त्यावर कागदाची पट्टी चिकटवून लिहिलं, ‘+4’. त्या दुरुस्तीनंतर फवारा बंद असतानाचा पिंजऱ्यातला आकडा होता 22 टक्के.

असं का होतं, ते मला नंतर कळलं. बाहेर उणे 10 अंश असतील तर त्या हवेत घनमीटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. तीच हवा फर्नेसने 20 अंशांवर नेली की तिच्यात 17 ग्रॅम मावतील एवढी जागा होते. वाफ तेवढीच, जागा कितीतरी जास्त. मग ती हवा मिळेल तिथून पाणी ओढते, आपल्या ओठांतून आणि हिरूच्या अंगातूनही.

चारी बाजूंनी जाळीच्या पिंजऱ्यात ओल टिकणं शक्यच नव्हतं. तीन बाजूंना बाहेरून पारदर्शक शॉवर कर्टन कापून लावलं. पुढची बाजू आणि वरची जाळी उघडी ठेवली, कारण हवा खेळली पाहिजे. तळाला भोक पाडून खाली बादली ठेवली. मनी प्लांटच्या जोडीला शेफ्लेरा आणि जास्वंद आणली. टायमर असा लावला: रात्री दिवे गेल्यावर दोन मिनिटं फवारा, मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत अधूनमधून धुकं, दिवे लागण्याआधी पुन्हा फवारा. खोली रात्री 18 अंशांवर उतरू देतो. रात्री आकडा 85 ते 95 आणि दुपारी 40च्या खाली गेला तरी आता मी फवाऱ्याला हात लावत नाही. फॉगरमध्ये फक्त डिस्टिल्ड पाणी घालते आणि दर रविवारी टाकी व्हिनेगरने धुऊन पूर्ण वाळवते, कारण ती अस्वच्छ राहिली तर तोच संसर्ग धुक्यातून परत जाणार.

वाटीतलं पाणी तो बघतसुद्धा नाही, पानांवरचे थेंबच पितो. पहिल्या आठवड्यात मी पहाटे साडेपाचला अंधारात स्टूल घेऊन बसायचे. दिवे लागले की तो थोडा वेळ हलायचा नाही. मग जास्वंदीच्या पानाच्या टोकाशी लोंबणाऱ्या थेंबाकडे एक डोळा वळायचा, मागून दुसरा, आणि तोंड पुढे करून हळूहळू तो थेंब टिपायचा. चौथ्या दिवशी त्याने पाठोपाठ बरेच थेंब प्यायले. तीन आठवड्यांत गोळी पुन्हा पांढरी झाली, श्वासातला आवाज गेला. बोटावरच्या त्या अडकलेल्या कातीने मात्र एक नख नेलं.

जुलैत इथल्या रात्री आपसूक दमट असतात, तेव्हा फॉगर कपाटात जातो. मिठाची पिशवी दर ऋतूला परत निघते. मागच्या वेळी मुलानेच झाकणात मीठ भरलं आणि पट्टीवरचं ‘+4’ खोडून ‘+5’ लिहिलं.