पाटी लावलेला गुप्त बंकर

इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रस्त्यावर एक पाटी आहे: 'गुप्त अणुबंकर', आणि पुढे बाण! भाच्याने गाडीतच विचारलं, "मावशी, गुप्त आहे तर पाटी कशाला?" त्याला उत्तर द्यायचं, तर 1952 पासून सुरुवात करावी लागते.

इल्फर्डला ताईकडे मुक्काम होता. तिथून एलिझाबेथ लाइनने ब्रेंटवूड गाठलं, पण पुढे केल्व्हेडन हॅचसाठी (बंकर त्याच गावाजवळ आहे) बसच्या भरवशावर राहिलो आणि पाऊण तास थांब्यावर गारठलो. शेवटी टॅक्सीच केली. तुम्ही स्वतःची गाडी न्या. टॅक्सीनेच जाणार असाल, तर परतीची वेळ उतरतानाच ठरवून टाका, कारण आत मोबाइलला रेंज नाही.

शेतातून जाणाऱ्या वाटेच्या टोकाला झाडीत एक साधा, व्हरांड्याचा बंगला दिसतो. हेच बंकरचं तोंड. दारात कोणी नाही. भिंतीवरचं ऐकण्याचं यंत्र आपणच उचलायचं आणि चालू लागायचं. पैसे शेवटी, कँटीनमध्ये. (फोटो काढायचे तर त्याचे वेगळे.)

बंगल्यातून साधारण शंभर मीटरचा बोगदा थेट टेकडीच्या पोटात जातो. सोव्हिएत रशियाने 1949 मध्ये अणुबॉम्बची चाचणी केल्यावर ब्रिटनने रडारची नवी साखळी उभारायला घेतली. तिचं नाव 'रोटर'. त्यासाठी 1952 मध्ये एका शेतकरी कुटुंबाकडून ही जमीन घेतली, टेकडी खणली, आत तीन मजली काँक्रीटची पेटी बांधली आणि वर पुन्हा माती लोटली. भिंती दहा फूट जाड. लढाऊ विमानांना कुठे धाडायचं, ते इथल्या मोठ्या नकाशावर खुणा सरकवत ठरायचं. पण हे सगळं दहा वर्षंही टिकलं नाही. जास्त पल्ल्याची नवी रडारं आली आणि नकाशाची ही खोली जुनी ठरली.

मला खरा रस होता तो पुढच्या अवतारात. साठच्या दशकापासून लष्कराची जागा मुलकी कारभाराने घेतली. लंडन बेचिराख झालं, तर उरलेल्या मुलखाचा कारभार इथून चालवायचा, असा बेत होता. त्यासाठी सुमारे 600 माणसं तीन महिन्यांपर्यंत आत राहणार होती. स्वतःची विहीर, जनरेटर, हवा गाळायची यंत्रं, रेडिओवरून बोलायला स्टुडिओ, आजाऱ्यांची खोली, आणि तिच्याजवळ पुठ्ठ्याच्या शवपेट्या. खाटा माणसांपेक्षा कमी, म्हणून पाळीपाळीने झोपायचं.

बाहेरच्यांचं काय? त्यांच्यासाठी 1980 मध्ये सरकारने एक पुस्तिका काढली. घरातली दारं बिजागऱ्यांतून काढून भिंतीला तिरकी टेकवा, त्यावर मातीच्या पिशव्या रचा आणि आत चौदा दिवस बसा. ते ऐकून आई म्हणाली, "आणि संडासाचं दार?" मला त्या शवपेट्यांपेक्षा हेच जास्त बोचलं.

गुप्ततेला तडा मात्र आधीच गेला होता. रेडिंगजवळच्या वॉरन रो इथल्या अशाच एका बंकरमध्ये 1963 च्या सुरुवातीला काही शांततावादी घुसले आणि तिथली कागदपत्रं उतरवून घेऊन एप्रिलमध्ये त्यांनी पत्रक वाटलं. सामान्य लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की साहेबलोकांची सोय झालेली आहे. केल्व्हेडन हॅच 1992 मध्ये बंद झाला. ज्या कुटुंबाची जमीन होती, त्यांनीच तो परत विकत घेतला आणि तिकीट लावलं. पाटीचं उत्तर हे असं.

बारकी सूचना: उन्हाळ्यातही स्वेटर हवाच, आत गारवा अंगात शिरतो. वर चढायला पायऱ्या आहेत, लिफ्ट आम्हाला दिसली नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. लहान मुलांना पुतळे आणि सायरन यांची भीती वाटू शकते. हिवाळ्यात उघडण्याचे दिवस कमी असतात, फोन करून निघा. दोन तास पुरतात, आम्हाला तीन लागले, कारण आई प्रत्येक स्विच वाचत होती.

कँटीनमध्ये चहा घेतला, पैसे दिले. भाच्याने पेटीत नाणी नीट मोजून टाकली आणि मग टॅक्सीवाल्याला शोधायला वर पळाला.