वास गेला का?

दूध उतू जाणं शुभ असतं म्हणे. या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा आईने मुद्दाम छोटं पातेलं गॅसवर ठेवून, ते उतू जाईपर्यंत आम्हा सगळ्यांना किचनमध्ये उभं केलं होतं, आणि दूध ओट्यावरून खाली ओघळल्यावर सगळे असे खूश की जणू लॉटरी लागली. पण दूध लागणं, म्हणजे बुडाला लागून करपणं, याला शुभ म्हणणारं माणूस मला अजून भेटायचंय.

आषाढातली गोष्ट. पुण्यात तीन दिवस पावसाची पिरपिर, मुलगी शाळेत, बायको ऑफिसला निघालेली आणि मी घरून काम. चपला घालता घालता ती म्हणाली, "अरे, दूध तापतंय, तेवढं बंद कर." मी हो म्हणलं. हा जो 'हो' असतो ना तो नुसता तोंडाने म्हणलेला असतो, डोक्याला त्याची काही खबर नसते. त्यात गॅस बारीक होता आणि तिथेच घात झाला. मोठा असता तर दूध उतू गेलं असतं, चर्र आवाज झाला असता, मी धावलो असतो, ओटा पुसला असता, विषय संपला असता. बारीक गॅसवर ते बिचारं एक शब्द न बोलता आटत राहिलं. आणि इकडे मी हेडफोन लावून, दार लोटून दीड तासाच्या मीटिंगमध्ये.

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट सांगतो. वास मला आला होता. वेळेवर आला होता. आणि तो वास इतका सुंदर होता, खव्याचा, गोडसर, की मला वाटलं समोरच्या काकूंकडे काहीतरी गोडधोड चाललंय, संध्याकाळी वाटी येईल. मी मीटिंगमध्ये म्यूटवर बसून त्या वाटीची वाट बघत होतो. मग बेल वाजली, दारात काकूच, आणि पदर नाकाला लावून म्हणतायत, "अहो, दूध लागलंय का तुमचं?"

किचनमध्ये पांढरट निळा धूर, डोळ्यांची आग, आणि पातेल्यात एक लिटर दुधाच्या जागी काळी, फुगून तडकलेली पपडी. दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते सगळं उडून गेल्यावर जे उरतं त्याच्याकडे बघून माणसाला वैराग्य यावं.

मला नंतर राहून राहून वाटत होतं की खरपूस आणि करपट हे शब्द ऐकायलासुद्धा किती जवळचे आहेत. मधे जेमतेम दहा मिनिटं. लहानपणी आजी पितळी पातेल्याची खरवड उलथन्याने काढून त्यावर साखर घालून द्यायची आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची, ती तांबूस खरवड आणि माझी ही काळी पपडी एकाच घराण्यातल्या. दुधातली साखर आणि प्रथिनं तापून एकमेकांशी जे काही करतात त्याला मेयार रिअॅक्शन म्हणतात, 1912 साली मेयार नावाच्या फ्रेंच केमिस्टने ती सांगितली म्हणून. धारवाडी पेढ्याचा तो ब्राऊन रंग, साताऱ्याच्या कंदी पेढ्याची भाजकी चव, सगळी तिचीच करामत. फक्त पेढेवाल्याला कुठे थांबायचं ते कळतं, तो कढईसमोर उभा असतो. तो मीटिंगमध्ये नसतो.

तर गॅस बंद केला, आणि मग मी ते केलं जे कुठलाही अपराधी माणूस करतो. पुरावा झाकायला घेतला. देवघरातल्या दोन अगरबत्त्या लावल्या, बाथरूममधला मोगऱ्याचा रूम फ्रेशनर आणून हॉलभर फवारला. पाच मिनिटांनी घरात मोगरा, चंदन आणि करपलेलं दूध असा एक तिहेरी दर्प तयार झाला. नुसता करपट वास परवडला असता. हा तर असा की कुणीतरी देवळात दुधाचं पातेलं जाळलंय.

शेवटी सांगलीला आईला फोन केला. तिने आधी मनसोक्त हसून घेतलं. मग विचारलं, "पातेलं कुठाय?" मी म्हणलं, सिंकमध्ये, पाणी घालून ठेवलंय. "अरे वेड्या, आधी ते गॅलरीत ठेव! वास त्यातनंच येतोय की अजून." बरोबर होतं. मी घरभर सुगंध मारत फिरत होतो आणि वासाची खाण सिंकमध्ये बसलेली. पातेलं गेलं, ज्या फडक्याने धरून उचललं होतं ते गेलं, स्क्रबर गेला, ओट्यावरचा केराचा डबा रिकामा झाला, आणि निम्मा वास तिथेच कमी झाला.

मग हवा. पाऊस येतो म्हणून मी फक्त किचनची एक खिडकी उघडली होती आणि वर सीलिंग फॅन पाचवर. त्याने झालं असं की जो धूर किचनमध्ये होता तो बेडरूमपर्यंत पोचला, म्हणजे वासाची मी घरपोच डिलिव्हरीच केली. चिमणीसुद्धा घुर्र करत होती पण घर सगळीकडून बंद असेल तर ती ओढणार काय, बाहेरून हवा आत यायला वाट पाहिजे ना. (ज्यांच्या चिमणीचा पाइप बाहेर काढलेला नाही त्यांचं तर अजूनच अवघड, ती हवा गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडते.) शेवटी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या, टेबल फॅन किचनच्या खिडकीत ठेवला, तोंड बाहेर करून, आणि हॉलमधल्या खिडकीखाली बादली ठेवली पावसासाठी. अर्ध्या तासात श्वास घेता यायला लागला. पंख्याचं तोंड आत नाही, बाहेर, एवढी एक गोष्ट कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

घरगुती उपायांचं मात्र अजब आहे. ज्याला विचारावं तो वेगळा सांगतो आणि प्रत्येकाचा स्वतःचा एक वास असतो. लिंबाची सालं, लवंगा, दालचिनी पाण्यात उकळली तर घरात बिर्याणी असल्याचा भास झाला आणि भूक लागली. व्हिनेगर-पाण्याने टाइल्स, कपाटांची दारं आणि चिमणीचा वरचा भाग पुसला, हे खरंच उपयोगी पडलं, कारण धुराचा एक चिकट पातळ थर तिथे बसलेला असतो, फडकं पिवळं झालं तेव्हा पटलं. काकूंनी सांगितलं कांदा कापून पाण्यात ठेवा. ठेवला. घराला कांद्याचा वास लागला. खायच्या सोड्याच्या वाट्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या त्या बघून मावशी भांडी घासायला आल्या तेव्हा दारातच थबकल्या, त्यांना वाटलं कुणाची दृष्टबिष्ट काढलीय. वाट्यांपेक्षा तोच सोडा सोफ्यावर भुरभुरवून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घेतला तो बरा लागू पडला. अॅक्टिव्हेटेड चारकोलच्या पिशव्या मिळतात त्या पण आणल्या. त्याच्या एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ 500 चौरस मीटरच्या वर भरतं असं वाचलं आणि मी जरा वेळ स्तब्ध झालो, म्हणजे माझ्या टूबीएचकेपेक्षा कितीतरी मोठी जागा चिमूटभर कोळशात, आणि तिचा ईएमआय पण नाही.

पातेल्याबद्दल मावशींनी बघताक्षणी निकाल दिला, "दादा, हे माझ्याच्यानं नाय निघायचं." स्टीलचं होतं म्हणून वाचलं, दोन चमचे सोडा आणि पाणी घालून उकळवलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी पपडी उलथन्याने चक्क सोलून निघाली. (अॅल्युमिनियमच्या भांड्यावर सोड्याचा प्रयोग करू नका, ते काळं पडतं.)

पण माझा खरा घोळ झाला तो नाकापाशी. चार वाजता मला वाटलं, वास गेला. पूर्ण गेला. मी विजयी मुद्रेने खाली टपरीवर चहा प्यायला गेलो, वर आलो, दार उघडलं आणि वासाने मला अक्षरशः मागे ढकललं. वास कुठेही गेला नव्हता, नाक गेलं होतं. एकच वास सतत यायला लागला की थोड्या वेळाने नाक त्याची दखल घेणंच सोडून देतं. माणसाच्या नाकात वास ओळखणारे चारेकशे प्रकारचे रिसेप्टर असतात, ते कसे काम करतात ते शोधलं म्हणून 2004 साली रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना नोबेल मिळालं, आणि एवढी जबरदस्त यंत्रणा बाळगून मी आपला करपट घरात बसून स्वतःला शाबासकी देत होतो. म्हणजे आपल्या घराला कसला वास येतो हे आपल्याला कधीच कळत नाही! दुसऱ्यांच्या घरात शिरल्या शिरल्या आपल्याला फोडणी, ओला टॉवेल, कुत्रं, सुकट सगळं कळतं. आपल्याकडे येणाऱ्यांना पण कळतच असणार की. सांगत नाहीत, एवढंच.

संध्याकाळपर्यंत मी तीनदा टपरीवर जाऊन नाक ताजं करून आलो. तीन चहा झाले. तिसऱ्यांदा वास जवळपास नव्हता, खरंच नव्हता.

साडेसातला लिफ्टचं दार वाजलं आणि घराचं दार उघडायच्या आधी बाहेरूनच आवाज आला, "दूध करपवलंस ना?"

मी खिडक्या, पंखा, व्हिनेगर सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. ती काही न बोलता हॉलमध्ये गेली आणि दोरीवरचा एक टॉवेल ओढून माझ्या नाकाला लावला. तीन दिवस पाऊस, म्हणजे तीन दिवसांचे धुतलेले, अर्धओले कपडे आत वाळत घातलेले. मी भिंती पुसल्या, सोफ्यावर सोडा भुरभुरवला, आणि सगळा वास पिऊन बसलेली ती दोरी माझ्या डोक्यावरच होती. दिवसभर तिच्याखालून वाकून जात होतो मी. मग सगळे कपडे परत मशिनमध्ये, परत दोरीवर, ऊन नाही म्हणून परत तीन दिवस. मुलीचा एक युनिफॉर्म त्यातून सुटला, तो घालून ती शाळेत गेली आणि येऊन म्हणाली, "बाबा, सगळे म्हणतायत माझ्याकडे डब्यात पापड आहे."

गंमत म्हणजे पंधरा दिवसांनी आम्ही एका हॉटेलात जेवायला गेलो तर तिथे दाल आली, मधे वाटीत पेटता कोळसा, त्यावर तूप, वरून झाकण, वेटरने कौतुकाने झाकण उघडून धूर दाखवला. याला धुंगार म्हणतात, आणि याचे वेगळे पैसे लावतात. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी दालकडे बघितलं.

पुढे गणपती झाले, दिवाळी झाली, विषय मागे पडला. परवा रात्री थंडी पडली म्हणून दिवाणातली आजीची गोधडी काढली, जी पावसाळ्यात कधीतरी हॉलमधल्या खुर्चीवरून उचलून, घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आत टाकली होती. घडी उलगडली, अंगावर घेतली, दिवा बंद केला. दोन मिनिटं शांतता. मग अंधारात बायको म्हणाली, "अरे, गॅसवर काही ठेवलंयस का?"

आणि मी उठून, अनवाणी, धावत किचनमध्ये गेलो बघायला.