आधी गायिका की आधी नटी?

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या फातुमाता जावाराची गाणी मी कुणाला ऐकवली की थोड्या वेळाने प्रश्न येतोच : 'तिंबक्तू' सिनेमात चाबकाचे फटके खाणारी ती हीच ना? मग गायिका सिनेमात गेली, की नटी गायला लागली? आपल्याकडे गायकनट होऊन गेले, म्हणूनही असेल, पण मराठी माणसाला याची उत्सुकता असतेच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

सिनेमा आधी आला, आणि तो तिने मागितलेला नव्हता. तिचा जन्म १९८२चा, आयव्हरी कोस्टमधला. आईवडील मालीचे. वडिलांचा नाचाचा ताफा होता आणि लहानपणापासून ती त्यात नाचायची. शाळेत मात्र जाईना. शेवटी तिला मालीच्या राजधानीत, बामाकोला नात्यातल्या एका बाईकडे ठेवलं. ती बाई नटी. तिचं मूल सांभाळायला फातुमाता शूटिंगवर जायची, तिथे दिग्दर्शकाची नजर पडली आणि तिला शेवटच्या प्रसंगात एक वाक्य मिळालं. त्यानंतर १९९९ साली शेख उमर सिसोकोंचा 'ला जनेज' आणि २००१ साली दानी कुयातेंचा 'सिया'. या 'सिया'ने ती पश्चिम आफ्रिकेत घरोघरी पोचली.

'सिया'ची गोष्ट जुन्या दंतकथेतली आहे. नागदेवतेला बळी द्यायला गावातली सर्वांत देखणी मुलगी निवडतात, ती पळून जाते आणि गावाने वेडा ठरवलेला माणूस तिला आसरा देतो. पुढच्याच वर्षी फातुमातावर खरोखर पळायची वेळ आली. 'रॉयाल द ल्युक्स' या फ्रेंच पथनाट्य मंडळीने तिला बोलावलं होतं. लग्न न झालेल्या मुलीने असं परदेशी जायचं नाही, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. ती गुपचूप बामाकोच्या विमानतळावर गेली आणि पॅरिसच्या विमानात बसली. मागे पोलीस लागले होते, कारण मुलीला पळवून नेल्याची तक्रार झाली होती. तेव्हा ती विशीची होती.

गाणं तिला सापडलं ते या मंडळीबरोबर देशोदेशी फिरताना. तालमीच्या मधल्या वेळात ती एकटीच गुणगुणायची, आजूबाजूचे ऐकत राहायचे. मग पॅरिसच्या क्लबांत गाणं, उमू सांगारेंसारख्या थोर गायिकेच्या मागे कोरसमध्ये उभं राहणं आणि गिटार शिकणं. मालीत गाणं हा जेली म्हणजे पिढीजात गायक-वादक घराण्यांचा वारसा. पण वासुलू भागात तसं बंधन नाही, जिला गळा आहे ती गाते. फातुमाताचं मूळ वासुलूचंच.

२०११ साली 'फातू' हा तिचा पहिला अल्बम आला. गाणी सगळी तिची स्वतःची. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. सिनेमात तिने दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं म्हटली, आणि घरात तर तिच्या वतीने सगळं दुसरेच ठरवत होते. 'फातू'मध्ये ती पहिल्यांदा आपलं बोलली. 'सोवा' हे गाणं आईवडिलांपासून तोडून दुसऱ्यांकडे वाढायला दिलेल्या मुलांचं आहे. तिचं बालपण ठाऊक असलं की ते ऐकताना गळा दाटून येतो. 'बोलोको' मुलींच्या सुंतेवर आहे. विषय असा, की तिथे चारचौघांत कुणी काढत नाही. ती मात्र आवाज चढवत नाही. गिटारची तीच ती छोटी फिरत घेऊन शांतपणे सांगत राहते. एवढ्या रागाला इतक्या कमी आवाजात धरून ठेवणं तिला रंगभूमीने शिकवलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

२०१२ साली उत्तर मालीवर सशस्त्र कट्टरपंथीयांनी ताबा मिळवला आणि तिथे संगीतावर बंदी आली. गाणाऱ्यांना गावं सोडावी लागली. फातुमाताने बामाकोत चाळीसेक कलावंत एकत्र आणले. त्यांत उमू सांगारे होत्या, कोरा हे तंतुवाद्य वाजवणारे तुमानी जाबाते होते. सगळ्यांनी मिळून शांततेसाठी 'माली-को' हे गाणं केलं. २०१३च्या सुरुवातीला ते लोकांपुढे आलं.

या पार्श्वभूमीवर 'तिंबक्तू' पाहा. तिंबक्तू हे त्याच उत्तर मालीतलं शहर. अब्दर्रहमान सिसाकोंचा हा सिनेमा २०१४चा, चित्रीकरण मॉरिटानियातलं. रात्री एका घरात काही तरुण-तरुणी गात बसलेत आणि बंदूकधारी छतांवरून त्या सुरांचा माग काढत येतात. नंतर त्यांतल्या गाणारीला, म्हणजे फातुमाताला, चौकात बसवून फटके मारतात. ती रडते, आणि रडतारडता गायला लागते. हुंदका कुठे संपला नि सूर कुठे लागला, हे कळत नाही. नुसत्या नटीला तो सूर लागला नसता, आणि नुसत्या गायिकेने तिथे सुरेल गाऊन प्रसंग घालवला असता. सिनेमाला फ्रान्सचे सात सेझार पुरस्कार मिळाले, ऑस्करचं नामांकनही होतं. मला मात्र हा एकच प्रसंग पुरेसा आहे.

पुढे 'फेन्फो' या तिच्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि २०२३ साली 'लंडन को' आला. दोन्ही चांगले आहेत, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नका. आधी 'फातू' सलग ऐका. 'बाकोनोबा'वर पाय आपोआप ठेका धरेल. मग शब्दांचा अर्थ शोधून 'सोवा' पुन्हा लावा आणि सिनेमा त्यानंतर बघा.