सड्यावरची चार अंडी

गोव्यात पक्षी पाहायला येणाऱ्यांना मी वाटाड्या म्हणून घेऊन हिंडतो. पाहुण्यांना चोडणची खारफुटी हवी असते, बोंडल्याचे जंगल हवे असते. जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार, मात्र कोणी मागत नाही. ज्या सड्यावर इतके पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, त्याला लोक पडीक म्हणतात, याचा मला राग येतो. मोप्याच्या सड्यावर तर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरत आहेत.

एप्रिलमधील एका सकाळी मी एका छायाचित्रकार दांपत्याला बार्देशातील सड्यावर नेले होते. माळटिटवी आमच्यापुढे धावत गेली आणि पंख मोडल्याचे सोंग घेऊन फरफटू लागली. तिच्या मागे जाणारा घरट्यापासून दूरच जातो, म्हणून मी सर्वांना मागे घेतले आणि ती परत कुठे येते ते दुर्बिणीतून पाहत राहिलो. खड्यांमधल्या उथळ खळग्यात, टोके आत करून ठेवलेली, मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची चार अंडी होती. ऊन चढल्यावर ती अंड्यांवर बसली नाही, त्यांच्यावर सावली धरून उभी राहिली; काही वेळाने जोडीदार आला, त्याच्या पोटाची पिसे भिजलेली होती, आणि ओल्या पोटानेच तो अंड्यांवर बसला. गृहस्थांना आणखी जवळ जायचे होते. मी नकार दिला. पक्षी उठवून काढलेल्या छायाचित्राला मी चांगले छायाचित्र मानत नाही.

तेवढ्यात गाडी शिकणारा एक मुलगा वडिलांसह तिथे गिरक्या घेऊ लागला. चाकोरी अंड्यांपासून चार पावलांवर होती. मी आमची जीप आडवी लावली व त्यांना विनंती केली; वडिलांनी एका शब्दाने वाद न घालता गाडी दुसरीकडे वळवली. भोवती दगड मांडून ठेवावेत, असे बाईंनी सुचवले. परंतु मांडलेले दगड कुतूहलाने येणाऱ्या माणसांनाही दिसतात, आणि माणसांमागून कावळे येतात. न मांडावेत, तर अंडी उबायला लागणारे जवळजवळ चार आठवडे चाकांच्या भरवशावर काढायचे. मी दगड मांडले नाहीत.

मे महिन्यात गेलो तेव्हा खळगा रिकामा होता. त्यावरून चाक गेलेले नव्हते, पण कवचाचा तुकडाही नव्हता. टिटवीची पिल्ले जन्मल्यावर लगेच चालू लागतात आणि आईबाप कवचे उचलून दूर टाकतात, त्यामुळे पिल्ले निघाली की अंडी कोणी नेली, हे रिकाम्या खळग्यावरून कळत नाही. पुढच्या हंगामात घरटे सापडले तर दगड मांडावेत की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.