मीच आधी हसले

रात्रीचे पावणेदोन. झोप येत नाही, आणि कारण इतकं फुटकळ की सकाळी कुणाला सांगायचीही सोय नाही.

काल भाचेबुवांना १९८६ चा ‘हायलँडर’ सिनेमा दाखवायला बसवलं. अमर माणसं शतकानुशतकं एकमेकांची मुंडकी उडवतात आणि शेवटी एकच उरणार, तो. बसवलं म्हणजे फोन पालथा ठेवायला लावला. याहून जास्त हल्ली मागता येत नाही. सुरुवातीलाच मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या पार्किंगमधली ती मारामारी. १९८५ सालच्या न्यूयॉर्कात दोन घोडे झालेले पुरुष तलवारी उपसून गाड्यांच्या रांगांमधून एकमेकांच्या जिवावर उठलेत. त्यातला एक सुटातला गृहस्थ मध्येच उलट्या कोलांट्या मारत सुटतो. एक मारून थांबत नाही, मारतच राहतो. का, ते विचारायचं नाही. आणि मी हसले. ‘काहीही दाखवलंय ना!’ असंही म्हणाले. मग तो हसला.

क्रम नीट लिहून ठेवते, कारण दिवसभर मी तो स्वतःला उलटा सांगत होते. तो हसला म्हणून मी हसले, असा. तसं नव्हतं. आधी मी हसले. पाहुण्याने घास तोंडात घालायच्या आत ‘आज मीठ जरा कमीच पडलंय हं’ म्हणून टाकावं, तसं. म्हणजे त्याने नावं ठेवली तरी ती आपलीच आधी ठेवलेली.

पुढे काय, रस्ता मोकळाच होता. शॉन कॉनरी मोरपिसांचा झगा घालून आला. पात्र मूळचं इजिप्तचं, नाव स्पॅनिश, वय दोन हजारांच्या वर आणि बोलणं चक्क एडिंबराचं. आणि नायक कॉनर मॅक्लाउड, अस्सल स्कॉटिश गडी, म्हणून ज्याला उभं केलंय तो क्रिस्तोफर लाम्बेर, जिनिव्हात वाढलेला, फ्रेंच बोलणारा. म्हणजे जे पात्र स्कॉटिश नाही त्याच्या तोंडात स्कॉटलंडचं बोलणं, आणि जे आहे त्याच्या तोंडात नाही. भाचेबुवा लोळून हसले. मीही. मग तो कॉनरीच्या तलवारीची हकीकत ऐकून थांबला, फोन उचलला, शोधलं आणि म्हणाला, “आत्या, हे म्हणतायत मासामुनेने इसवी सनापूर्वी ५९३ मध्ये घडवली. तो माणूस तेराव्या-चौदाव्या शतकातला आहे.”

“असू दे रे, अमर असेल तोही,” मी म्हणाले. हा विनोद बरा होता. पण तोही मी सिनेमाच्या बाजूने केला की त्याच्या, हे आता कळत नाहीये.

निम्म्यातच म्हणाला, “नवीन येतोय ना याचा? मग हा कशाला बघायचा?”

त्याचा काही दोष नाही. चांगला मुलगा आहे. माझं पोट दुखतंय ते दुसऱ्याच कारणाने.

दादाने ही कॅसेट आणली तेव्हा मी आतापेक्षा बरीच खरी होते. कोलांट्यांवर हसायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. दादा ते पार्किंग इतक्यांदा मागे घेऊन बघायचा की तिथे टेप झिजली होती, पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या. माझ्या डोक्यात त्या मारामारीवर अजून त्या रेघा आहेत. काल स्वच्छ प्रत बघताना रेघा नव्हत्या तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आणि हीथर, कॉनरची बायको, म्हातारी होते तिथे दादा दर वेळी नेमका पाणी प्यायला उठायचा. मी कधी विचारलं नाही. आता...

असो.

हीथरचं लिहायलाच हवं, कारण काल तिथेच खरी गोम होती. १५३६ मध्ये कॉनरला मरणाची जखम होते, तो मरत नाही, गावकरी सैतान लागला म्हणून त्याला हाकलून देतात, पुढे त्याला हीथर भेटते. कॉनरी येऊन बजावतो, तिला सोड, तुला झेपणार नाही. हा सोडत नाही. मग गाणं सुरू होतं आणि त्या एका गाण्यात तिचं आयुष्य सरतं. तिचे केस पिकतात, त्याचा एकही नाही. शेवटी ती त्याच्या मिठीत विचारते की तू माझ्याजवळ का राहिलास. आणि आपल्या वाढदिवसाला एक मेणबत्ती लावायला सांगते. तो तिला पुरतो, आपली तलवार तिच्या थडग्यावर रोवतो आणि निघून जातो. जवळजवळ चारशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये तो ती मेणबत्ती लावताना दिसतो. मागच्या बाकावर येऊन बसतो खलनायक कुर्गन, इतका घाणेरडा की पाद्र्याचा हात चाटतो.

हे गाणं क्वीन बँडच्या ब्रायन मेने सिनेमाचे कच्चे तुकडे बघून घरी परतताना गाडीतच जुळवायला घेतलं, असं त्याने सांगितलंय. खरंच वाटतं. गाडीत बसल्यावर माणूस थोडा उघडा पडतो. आणि गायलाय त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी. कायम जगायचंय कुणाला, असं विचारणारा तो आवाज १९९१ च्या नोव्हेंबरात गेला. ते माहीत झाल्यावर गाणं पुन्हा पहिल्यासारखं ऐकू आलं नाही. आपण पोरांच्या नावामागे चि. लावून मोकळे होतो, आणि अश्वत्थाम्याचं काय झालं तेही आपल्याला ठाऊक असतं. दोन्ही एका श्वासात.

तर हे चालू असताना मी भाचेबुवांकडे बघत होते. पडद्याकडे नाही. हसतो की काय, याची वाट. हसला असता तर मीही हसले असते का? हसले असते. हे कबूल करायला पावणेदोन वाजले.

तो हसला नाही. काहीच केलं नाही त्याने. पायाचं नख खुडत बसला होता.

आता रिमेकचं. कुणी विचारलं तर माझं उत्तर कालपर्यंत तयार होतं: हात लावू नका. लाम्बेरची ती नजर कुठून आणणार? माणसाला लांबचं अतिशय कमी दिसतं, कॅमेऱ्यापुढे चश्मा चालत नाही, लेन्स त्याला सोसत नाहीत. म्हणजे तलवारबाजी चालली होती ती जवळजवळ अंदाजाने. पण त्यामुळेच तो समोरच्या माणसाच्या पलीकडे, कुठेतरी चार शतकं मागे बघतोय असं वाटतं. तालमीत घोटून घेतलेल्या नटाला हे जमणार नाही. दिग्दर्शक रसेल मुल्काही हा गाण्यांचे व्हिडिओ करणारा माणूस. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं ते त्यानेच केलेल्या व्हिडिओने. म्हणून तर कॅमेरा फिशटँकमधून वर जातो आणि स्कॉटलंडच्या तळ्यातून बाहेर निघतो. त्या माणसाला कुणी सांगितलेलं नव्हतं की असं करायचं नसतं. असं बरंच काही माझ्याकडे होतं. कालच्या हसण्यानंतर ते म्हणायला तोंड राहिलं नाही. राखणदाराने आधी कुलूप उघडून दिलं आणि मग काठी आपटतोय.

आणि राखायचं तरी नेमकं काय? अमेरिकेत लागला तेव्हा ६० लाख डॉलरही जमले नाहीत. तिथल्या प्रतीत महायुद्धाचा प्रसंगच कापला होता, लहानग्या रेचेलला वाचवताना त्याला गोळ्या लागतात तो. गोळ्या खाऊन उठून बसतो आणि त्या पोरीला म्हणतो की जादूच म्हण ना एक प्रकारची. क्वीनच्या गाण्याचं आणि आख्ख्या अल्बमचं नाव त्यावरून. म्हणजे अमेरिकेतल्या लोकांनी गाणं ऐकलं आणि ते ज्या प्रसंगावरून आलं तो प्रसंगच त्यांच्या पदरी नाही. मग मूळ सिनेमा कुठला, त्यांचा की आमच्या झिजक्या कॅसेटमधला? आमच्यातून तर तळ्याकाठची तालीम अर्धी गायब होती, कारण दादाने चुकून वरून काहीतरी रेकॉर्ड केलं होतं. मी पुढे कितीतरी वर्षं समजत होते की कॉनर एकदम तलवार शिकलाच.

उठून चहा टाकून आले. हे लिहिताना राग कुठेतरी सांडला, शोधतेय.

तो आयलीन डोनन किल्ला आहे ना, मॅक्लाउड मंडळी लढाईला निघतात तो, पाण्यावरच्या दगडी पुलाचा. माझ्या मनातलं सगळं सोळावं शतक त्या किल्ल्यावर उभं आहे. तर तो किल्ला १७१९ मध्ये सरकारी लढाऊ जहाजांनी तोफा डागून आणि मग सुरुंग लावून उडवला होता. दोनशे वर्षं नुसते दगड पडलेले. आज दिसतो तो विसाव्या शतकात पुन्हा बांधलाय, १९३२ मध्ये पुरा झाला. मॅक्लाउडांचा तर कधी नव्हताच तो. मॅकेन्झी आणि मॅक्रे यांचा. म्हणजे १५३६ चा कॉनर १९३२ च्या किल्ल्यातून, दुसऱ्याच घराण्याच्या दारातून बाहेर पडतो. आणि त्या पुलावर मी आजवर डोळे भरून घेतलेत. रिमेकच आहे तो. दगडी रिमेक.

हे आठवलं आणि एकटीच फिसकन हसले. हे हसणं मात्र कालच्यासारखं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं.

आणि कपाळावर हात मारायचा तर तो या नव्यावर कशाला? मूळ मंडळींनीच काय दिवे लावलेत. पहिल्याच भागात सगळे संपतात, एकच उरतो, त्याला हवं ते मिळतं, म्हातारपणसुद्धा. गोष्ट मिटली. तरी १९९१ मध्ये दुसरा भाग काढला, आणि त्यात हे अमर लोक झाइस्ट नावाच्या परग्रहावरून आलेले निघाले! पहिल्या भागात मुंडकं उडालेला कॉनरी परत हजर. काळ कुठला, तर २०२४, पृथ्वीवर ओझोनऐवजी एक कृत्रिम छत. ते २०२४ येऊन गेलंसुद्धा. पुढे दिग्दर्शकाने स्वतःच पुन्हा जुळणी करून तो ग्रह काढून टाकला. मग टीव्हीवर १९९२ ते १९९८ डंकन मॅक्लाउडची मालिका, त्यात भरीला आणखी अमर, मग आणखी सिनेमे. शेवटी एकच उरेल म्हणता म्हणता खानावळ भरली.

त्यातून हा रिमेक. २००८ पासून येतोय. दिग्दर्शक आले, गेले. रायन रेनॉल्ड्स आला, गेला. २०१६ मध्ये दिग्दर्शक म्हणून चॅड स्टाहेल्स्की, २०२१ मध्ये नायक म्हणून हेन्री कॅव्हिल. पहिला सिनेमा लागला तेव्हा हा कॅव्हिल जेमतेम तीन वर्षांचा. २०२५ मध्ये सगळं जुळत आलं तर सरावात त्यालाच दुखापत झाली आणि चित्रीकरण पुन्हा लांबलं. इतक्यांदा मारूनही न मरणारं या सगळ्यात एकच आहे, आणि तो कॉनर नाही, हा रिमेक आहे. त्याच्या चिकाटीपुढे मला आता विरोध करायलासुद्धा दम नाही.

कॉनरीच्या जागी रसेल क्रो म्हणे. बघू. हीथर मात्र कॅरन गिलन, खरीखुरी इन्व्हर्नेसची. चाळीस वर्षांनी का होईना, हीथर हायलँड्समधली मिळाली.

करू देत. करायलाच हवा, असं म्हणायच्या बेतात आहे मी, पण अजून म्हणत नाही. जो सिनेमा सगळाच साधलाय त्याला पुन्हा हात लावायचं कारण नसतं. हा साधलेला नाही. मूळ लेखक ग्रेगरी वायडनला शिकत असताना सुचलेली कल्पना, केवढी मोठी, आणि तिच्या अंगावर हे कोलांट्यांचे कपडे. शेवटी कॉनर हवेत उचलला जातो तेव्हा त्याला धरलेल्या तारा दिसतात. काल तर इतक्या स्वच्छ दिसल्या. कॅसेटवर कधी दिसल्या नव्हत्या; रेघांनी झाकून घेतलं होतं बिचारीने. नव्यात तारा नसतील. फक्त हीथरला म्हातारी व्हायला वेळ द्या म्हणावं. घाईत उरकू नका.

माझ्या मेल्या हसण्याचं मात्र काही होत नाहीये. दादाला सांगितलं असतं तर काय म्हणाला असता ते मला पक्कं माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

मघाशी चहा टाकायला उठले तर भाचेबुवांच्या खोलीत उजेड. मला बघून विचारतो, “आत्या, तो तिच्या वाढदिवसाला दर वर्षी मेणबत्ती लावतो, पण मधे कॅलेंडर बदललं ना? जुनी तारीख धरतो की नवी?”

मला सांगता आलं नाही. त्याने शोधलं होतं: ब्रिटनने १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा ११ दिवस गाळले. “म्हणजे तो बहुतेक चुकीच्याच दिवशी लावत असणार,” तो म्हणाला. हसत नव्हता.

मीही हसले नाही. यात श्रेय घेण्यासारखं काही नाही, हसू आलंच नाही.

उद्या रविवार. त्याला दुसरा भाग दाखवते, परग्रहवाला. त्यावर मी पोट धरून हसणार आहे, आणि आधी मीच हसणार आहे.