जिगरला पर्याय हवेत, सातच्या आत

ऑक्टोबर २००८. पुण्यात बालेवाडीला १२ तारखेपासून राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरणार होत्या आणि जिकडे बघावं तिकडे त्यांचा शुभंकर, म्हणजे मॅस्कॉट, 'जिगर' वाघ हसत उभा होता. दिल्लीच्या २०१०च्या स्पर्धांचा 'शेरा' हा त्याचा थोरला भाऊ, म्हणजे घराणं एकच. मी तेव्हा एका दैनिकाच्या पुरवणीत चित्रं काढायचो. शुक्रवारी दुपारी पुरवणीच्या बाई टेबलाशी आल्या. जाहिरात ऐन वेळी रद्द झाली होती.

"अर्धं पान मोकळं पडलंय. जिगरला चार-पाच विनोदी पर्याय काढ. सातला पान सोडायचंय. आणि एक ते चार झोपणारा दुकानदार नको हं, त्याला आता कुणी हसत नाही."

अडचण अशी की कुणाच्या भावना दुखावणार नाहीत असं जनावर शोधत गेलं, की शेवटी वाघ, सिंह किंवा हत्तीच उरतो. १९८२च्या एशियाडचा अप्पू निदान गोड तरी होता.

पहिलं चित्र आपसूक सुचलं. स्कूटीवरची, डोळे सोडून अख्खं तोंड गुंडाळलेली मुलगी. स्कार्फ नेमका कसा बांधतात ते आमच्या डीटीपीवाल्या मुलीनं उभं राहून करून दाखवलं. आधी कपाळावरून, मग नाकावरून, टोकं मागे नेऊन करकचून गाठ, उरलेला पदर गळ्याशी खोचलेला. वर कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे. बघता बघता समोर तलवारबाजीचा खेळाडू तयार! मी तसंच्या तसं उतरवलं.

दुसरा वाघच, पण हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात अडकवलेला. तिसरी एका अंगाला कललेली सिटी बस. तिच्या पोशाखात दोघं शिरणार, तिसरा मागून घंटी मारणार.

एव्हाना टेबलाभोवती गर्दी जमली होती. क्रीडा पानाच्या उपसंपादकाला तर असल्या विषयात भरतं येतं. सिडनी ऑलिंपिकला, म्हणे, प्लॅटिपस, कुकाबुरा आणि एकिडना असे तीन अधिकृत शुभंकर होते, पण लोकांनी डोक्यावर घेतला तो टीव्हीवरच्या दोन विनोदवीरांनी आणलेला फॅट्सो, भल्यामोठ्या ढुंगणाचा वाँबॅट. ऑस्ट्रेलियाचे जलतरणपटू त्याला घेऊन थेट पदकाच्या चौथऱ्यावर चढले आणि तिथल्या ऑलिंपिक समितीच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या तीन अधिकृत जनावरांची नावं धडाधड सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. १९७२च्या म्युनिकचा वाल्डी हा डॅशहुंड कुत्रा, आणि मॅरेथॉनचा रस्ताच त्याच्या आकारात आखलेला. पुण्यात हे जमायचं नाही. लक्ष्मी रोडला एकेरी वाहतूक, त्यामुळे धड इकडून काढलं तर शेपटीसाठी टिळक रोडनं वळसा.

चौथा माझा लाडका होता: खड्डोबा. स्पर्धेच्या नावाखाली खणून ठेवलेल्या रस्त्यातून फक्त डोकं वर, गळ्यात केबलचं भेंडोळं, हातात 'काम चालू आहे'ची पाटी. मोठ्या साहेबांनी पान मागवलं, खड्डोबावर बोट ठेवलं आणि विचारलं, "उद्या जेजुरीहून फोन आले तर तू घेणार का?" खड्डोबा गेला. रस्त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

सहा वाजून गेले होते आणि पानाला भोक पडलेलं. मुद्रितशोधक काका दुपारपासून एकच सांगत होते, "शेकरू घ्या. राज्यप्राणी आहे, भीमाशंकर आपल्याच जिल्ह्यात. वाघ कुठला हो पुण्यात?" घेतलं. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, या फांदीवरून त्या फांदीवर झेप. विनोद घालायला गेलो तर काका मागेच उभे. शेपटीला बॅटनसुद्धा धरू दिली नाही त्यांनी. (२०२३मध्ये गोव्यानं राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी आपला राज्यप्राणी गवाच शुभंकर केला, 'मोगा'. तेव्हा मला काका आठवले.)

सातला पाच कमी असताना पान सुटलं.

रविवारी सकाळी ऑफिसात एकच फोन आला, नारायण पेठेतून. मला वाटलं, बस किंवा स्कार्फ कुणाला तरी लागला. आजोबा शांतपणे म्हणाले, "चित्रं बरोबर आहेत. आमच्याकडे रोज हेच दिसतं. पण वर 'विनोदी' का छापलंय, तेवढं सांगा."