सुभेदारांचा वस्तरा

साताऱ्यातील माझ्या सलूनमध्ये एका रविवारी एक निवृत्त सुभेदार आले आणि त्यांनी रुमालात गुंडाळलेला वस्तरा माझ्यापुढे ठेवला. मुठीजवळच्या पोलादावर जर्मनीतील सोलिंगन या शहराचे नाव कोरलेले होते. वस्तरा त्यांच्या वडिलांचा होता. मंगळवारी नातीचे लग्न होते आणि त्या सकाळची दाढी याच वस्तऱ्याने व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. आमच्या घरातील तिसऱ्या पिढीचा नाभिक असलो, तरी माझा हात बसला तो अर्धे ब्लेड घालण्याच्या वस्तऱ्यावर. एड्स आणि काविळीच्या धास्तीने दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावण्याची पद्धत रुळली, ती योग्यच आहे. मात्र तिच्यामुळे धार लावण्याचे काम आमच्या हातून सुटले.

सोमवारी दुकान बंद असते. काकांनी धोकटीतून आजोबांचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड काढला, त्यावर पाणी शिंपडले आणि हात दाखवला: पाठ व धार दोन्ही दगडाला टेकलेल्या ठेवून धारेच्या दिशेने वस्तरा सरकवायचा, शेवटी तो पाठीवर उलटायचा आणि तसेच परत यायचे. पाठीची जाडीच कोन ठरवते, म्हणून कोन हाताने सांभाळावा लागत नाही. अर्ध्या तासाने मी वस्तरा स्वतःच्या गालावर फिरवला, तेव्हा पात्याच्या दोन्ही टोकांकडे केस कापले गेले, पण मध्यभागी असे ओढले गेले की डोळ्यांत पाणी आले. मी जोर वाढवून पुन्हा घासले, आणि ते चुकलेच. जोराने पातळ पाते वाकते, धार सुधारत नाही.

शेवटी मी धारेलगत काळ्या मार्कर पेनाने रेघ ओढली, कारण शाई जिथे उरेल तिथे दगड लागलेला नसतो. चार फेऱ्यांनंतर दोन्ही टोके चकाकली, पण मधली दोन बोटे जागा काळीच राहिली. दोष निसण्यात होता. वर्षानुवर्षांच्या घासण्याने तो मध्ये खोलगट झाला होता. काकांना हे सांगणे अवघड होते, म्हणून मी स्टीलची पट्टी दगडावर आडवी, कडेवर उभी धरली आणि तिच्याखालून दिसणारा उजेड त्यांना दाखवला. ते काही न बोलता चहा ठेवायला उठले.

काचेवर ओला पॉलिशपेपर पसरून, निसण्यावर पेन्सिलीच्या उभ्याआडव्या रेघा मारून, त्या पूर्ण पुसल्या जाईपर्यंत तो घासण्यात दुपार गेली. मग कात्र्यांसाठी आणलेल्या हजार नंबरच्या सपाट दगडावर, मनगटावरचे केस पात्याच्या सगळ्या लांबीने कापले जाईपर्यंत मूळ धार काढली. पुढे त्याहून बारीक चार हजारचा, त्यानंतर आणखी बारीक आठ हजारचा दगड वापरला आणि शेवटच्या वीसेक फेऱ्या, काकांच्या हट्टाखातर, आजोबांच्या निसण्यावर दिल्या. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा सैल पडला की धार गोल होते, म्हणून काकांनी त्याचे दुसरे टोक स्वतः ताणून धरले. उरलेला पॉलिशपेपर त्यांनी घडी करून धोकटीत ठेवला.

मंगळवारी सात वाजता सुभेदार खुर्चीत बसले. गरम पाण्याचा टॉवेल, दाट फेस, आणि कानशिलापासून पहिली ओढ. वस्तरा अगदी हलका आवाज करत उतरला. हनुवटीखाली त्यांचे केस आडवे वळलेले होते, तिथे मी थांबून पुन्हा फेस लावला आणि फिरवण्याची दिशा बदलली. अर्ध्या दाढीपर्यंत त्यांचे डोळे मिटले होते. तोंड किंचित उघडून ते घोरू लागले.